घरात माणसं चार, कॉम्प्युटर एक, अकाउंट सहा

केळीच्या फळपीक विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. चोपडा तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर दहा-बारा शेतकरी माझ्याकडून ऑनलाइन अर्ज भरून घ्यायला कागदं घेऊन बसलेले. मी एका आजोबांचं पासबुक अर्जाला जोडायला गेलो. डाउनलोड्समध्ये ‘स्कॅन १२’, ‘स्कॅन १२ (१)’ आणि ‘स्कॅन १२ (२)’ अशा तीन फायली होत्या. एक आजोबांची, एक त्यांच्या आधी येऊन गेलेल्या शेतकऱ्याची, तिसरी माझ्या पुतण्याच्या बारावीच्या कुठल्याशा कागदाची. घाईत मी दुसऱ्याच माणसाचं पासबुक चढवलं. आजोबांचा नातू शेजारी उभा होता, त्याचं लक्ष गेलं म्हणून अर्ज पाठवण्याआधी चूक सापडली. नाहीतर विम्याची रक्कम कोणाच्या खात्याकडे गेली असती, हा विचार मला अजून सोडत नाही.

त्याच संध्याकाळी आप्पा कॉम्प्युटरसमोर बसले आणि म्हणाले, “मना हिसाब कोठे गया रे?” केळीच्या गाड्यांचा वर्षभराचा हिशेब त्यांनी एक्सेलमध्ये ठेवला होता. कोणीतरी त्याच फाइलवर दुसरं काही लिहून सेव्ह केलं होतं. कोणी केलं, हे कळायला मार्गच नव्हता. कॉम्प्युटरवर एकच युजर, पासवर्ड नाही, आणि बसेल तो मालक.

त्यानंतर मी प्रत्येकाचं वेगळं युजर अकाउंट करून सगळं नव्याने लावलं. आमच्यासारखं एकत्र कुटुंब आणि एकच कॉम्प्युटर असलेली कितीतरी घरं खान्देशात आहेत. बरीच मंडळी म्हणतात, “घरातल्या घरात कसला पासवर्ड?” पण वेगळं अकाउंट म्हणजे एकमेकांवरचा अविश्वास नव्हे. घरात प्रत्येकाच्या कपड्यांचा कप्पा वेगळा असतो, तसंच हे. पुढे जे सांगतो आहे ते विंडोज ११ धरून आहे. विंडोज १० मध्येही जवळपास हेच आहे. मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यावर बँकेची किंवा शेतकऱ्यांची कामं करत असाल तर तो प्रश्न आधी सोडवा.

कोणाचं काय वेगळं राहतं

विंडोजमध्ये नवं अकाउंट केलं आणि त्या माणसाने पहिल्यांदा साइन इन केलं, की सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये त्याच्या नावाचा फोल्डर तयार होतो. हेच त्याचं प्रोफाइल. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स असतात. एक लपवलेला ‘ॲपडेटा’ फोल्डर असतो, त्यात ब्राउझरपासून सगळे प्रोग्रॅम आपापलं सामान ठेवतात. शिवाय ‘एनटीयुजर डॅट’ नावाची एक लपवलेली फाइल असते. वॉलपेपर, अक्षरांचा आकार, कीबोर्ड, तारखेची पद्धत, डिफॉल्ट प्रिंटर अशा त्या माणसाच्या आवडीनिवडी विंडोज त्या फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि साइन इन करताना तिथूनच उचलतं. ही फाइल खराब झाली तर काय होतं, ते पुढे येईल.

बहुतेक प्रोग्रॅम, ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम), विंडोज अपडेट, घड्याळ हे मात्र सगळ्यांचं एकच. प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एकदाच टाकायची, सगळ्या अकाउंटमध्ये चालते. हा फरक डोक्यात बसला की ‘माझ्याकडे दिसतं, त्याच्याकडे दिसत नाही’ असे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी कागदावर यादी करा

आमची यादी अशी झाली: आप्पा, वहिनी (जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, शाळेची ऑनलाइन माहिती घरूनच भरतात), पुतण्या आणि मी. ही चार माणसं. पाचवं अकाउंट ‘केंद्र’, ते फक्त बाहेरच्या लोकांच्या अर्जांसाठी. सहावं ‘व्यवस्था’, त्यावर रोजचं काम कोणीही करायचं नाही.

या सहाव्यावरच मी सगळ्यात जास्त भर देईन. विंडोजमध्ये अकाउंट दोन जातींची असतात, ॲडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. ॲडमिनिस्ट्रेटरला काहीही टाकता-काढता येतं आणि इतरांचे फोल्डरही उघडता येतात. स्टँडर्डवाल्याला सगळी रोजची कामं करता येतात, पण संपूर्ण मशीनवर परिणाम होईल असं काही करायचं झालं की विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं. कॉम्प्युटर ज्याने विकत आणला तो ॲडमिनिस्ट्रेटर, अशी आपल्याकडे सवय आहे. ती चुकीची आहे. घरातल्या कर्त्यानेही रोज स्टँडर्डवरच बसावं. एखाद्या मेलमधली भलती फाइल माझ्या हातून उघडली गेली, तर तिचं नुकसान माझ्या फोल्डरपुरतं राहण्याची शक्यता त्यामुळे पुष्कळ वाढते.

मालकी वेगळी काढणं

तुमच्या कॉम्प्युटरवर आज जे एकमेव अकाउंट आहे ते नक्कीच ॲडमिनिस्ट्रेटर असणार. त्यातलं सामान हलवायची गरज नाही, फक्त ‘व्यवस्था’ हे नवं ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट वेगळं करायचं आहे. क्रम मात्र पाळा.

१. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘अदर युजर्स’, मग ‘ॲड अकाउंट’. विंडोज १० मध्ये हेच ‘फॅमिली अँड अदर युजर्स’ नावाखाली सापडेल.

२. मायक्रोसॉफ्ट ईमेल विचारेल. खाली बारीक अक्षरांत ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ असं असतं, ते दाबा. पुढच्या पानावर ‘ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडा.

३. नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड दिला की तीन सुरक्षा प्रश्न येतात: जन्म कुठल्या गावी झाला, पहिली शाळा कोणती, लहानपणी काय हाक मारायचे वगैरे. आपल्या गावात या प्रश्नांची खरी उत्तरं अख्ख्या गल्लीला माहीत असतात! म्हणून उत्तर खरं देऊ नका. तिन्ही ठिकाणी मनातला एकच आडवा शब्द टाका आणि तो लिहून ठेवा.

४. तयार झालेल्या अकाउंटवर क्लिक करून ‘चेंज अकाउंट टाइप’मधून ते ॲडमिनिस्ट्रेटर करा.

५. आता साइन आउट करून नव्या अकाउंटने एकदा आत जाऊन बघा. पासवर्ड चालतो, सेटिंग्ज उघडतात, याची खात्री झाल्यावरच त्याच जागेवरून तुमचं जुनं अकाउंट स्टँडर्ड करा.

‘व्यवस्था’चा पासवर्ड आम्ही कागदावर लिहून कपाटात, जमिनीच्या कागदांच्या फायलीत ठेवला आहे. घरातल्या दोन मोठ्या माणसांना तो माहीत असावा. मी चार दिवस बाहेरगावी गेलो आणि प्रिंटर अडला, तर घर अडून बसता कामा नये.

नवी अकाउंट करण्याआधी एक काम

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग तेच ते सेटिंग प्रत्येक अकाउंटमध्ये जाऊन करत बसतात. ‘व्यवस्था’ अकाउंटमध्ये असतानाच मराठी कीबोर्ड आणि तारखेची पद्धत लावून घ्या.

कीबोर्डसाठी ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये ‘लँग्वेज अँड रीजन’, तिथे ‘ॲड अ लँग्वेज’, मग मराठी. त्याच्या ऑप्शन्समध्ये जाऊन कीबोर्ड निवडायचा. इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची प्रमाण पद्धत) येत असेल तर उत्तमच. नसेल तर ‘मराठी फोनेटिक’ टाका. इंग्रजी अक्षरांत ‘केळी’ लिहिलं की मराठीत उमटतं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते.

त्याच पानावर प्रदेश भारत आणि तारखेची पद्धत भारतीय इंग्रजी किंवा मराठी ठेवा. ही गोष्ट दिसते बारीक, पण तिने आप्पांचा जीव खाल्ला. त्यांचं अकाउंट पहिल्यांदा केलं तेव्हा तारखेची पद्धत अमेरिकन राहून गेली, म्हणजे आधी महिना, मग दिवस. आप्पांनी ५ जूनची गाडी ‘५/६/२०२५’ अशी लिहिली. एक्सेलने ती ६ मे धरली. १३ जूनची ‘१३/६/२०२५’ लिहिली, तर तेरावा महिनाच नसल्यामुळे एक्सेलने तिला तारीख न मानता साधा मजकूर मानलं. महिनावार बेरीज काढली तर जूनमधल्या काही गाड्या भलत्याच महिन्यांत आणि काही गाड्या कुठेच नाहीत. ओळखायची खूण सांगतो: एक्सेलने तारीख मानलेली नोंद रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर मानलेली डावीकडे. रकाना वरून खाली नजरेने बघा. काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर पद्धत बिघडली आहे. सेटिंग बदलून आधी चुकलेल्या नोंदी सुधारत नाहीत, त्या हाताने परत लिहाव्या लागतात. आप्पांनी वही समोर घेऊन दोन दुपारी तेच केलं.

सगळं लावून झालं की कंट्रोल पॅनेल उघडा, ‘रीजन’मध्ये जा, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ टॅबवर ‘कॉपी सेटिंग्ज’ दाबा. खाली दोन चौकटी दिसतील, एक साइन-इनच्या पडद्यासाठी आणि दुसरी नव्या अकाउंटसाठी. दुसरीवर खूण करून ओके करा. यापुढे तयार होणारं प्रत्येक अकाउंट हाच कीबोर्ड आणि हीच तारीख घेऊन जन्माला येईल. आधी तयार झालेल्यांना मात्र हे लागू होत नाही, म्हणूनच हे काम आधी.

अकाउंट तयार करणं, आणि नावाची गोष्ट

आता वरच्या एक ते तीन पायऱ्या प्रत्येकासाठी करा, चौथी सोडून. म्हणजे ती स्टँडर्डच राहतील.

नाव पहिल्यांदा इंग्रजी अक्षरांत, छोटं आणि मधे जागा न सोडता द्या. पहिल्यांदा दिलेल्या नावावरूनच ‘युजर्स’मधला फोल्डर बनतो आणि नंतर नाव बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं. काही जुनी सॉफ्टवेअर फोल्डरच्या नावात देवनागरी आली की अडखळतात. दाखवायचं नाव नंतर कंट्रोल पॅनेलच्या ‘युजर अकाउंट्स’मधून मराठीत करता येतं. साइन-इनच्या पडद्यावर ‘आप्पा’ असं मराठीत आलं, सोबत बैलजोडीचा फोटो आला, तेव्हापासून ते स्वतःचं खातं स्वतः उघडतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने तयार केलेल्या प्रोफाइलचा फोल्डर ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचा होतो, हेही जाता जाता लक्षात ठेवा. ‘युजर्स’मध्ये अर्धवट नावाचा फोल्डर दिसला तर तो परक्याचा समजून उडवू नका.

प्रत्येकाचा पासवर्ड त्यालाच टाकू द्या. आप्पांना पासवर्ड लक्षात ठेवायला नको वाटत होतं, त्यांच्यासाठी ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून पिन केला. पिन त्याच कॉम्प्युटरपुरता आणि त्याच अकाउंटपुरता चालतो, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी तो सोयीचा आहे. जन्मसाल मात्र ठेवू नका.

लहान मूल असेल आणि वेळेवर, वेबसाइटवर लक्ष ठेवायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी लागतं, आणि त्यासाठी मुलाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट करावं लागतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय केलेल्या साध्या लोकल अकाउंटवर ते चालत नाही. आमचा पुतण्या बारावीचा, त्याला ते लावलं नाही. त्याच्याशी बोलून वेळ ठरवली.

प्रत्येकाला शेजारी बसवून

पहिलं साइन इन प्रत्येकाने माझ्यासमोर केलं. त्याला काही मिनिटं लागतात, मधे बंद करू नका. मग एकेकाची बैठक लावून दिली.

आप्पांच्या अकाउंटमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’मधून ‘टेक्स्ट साइझ’ वाढवला, माऊसचा बाण मोठा आणि काळा केला. डेस्कटॉपवर तीनच चिन्हं ठेवली: हिशेबाची फाइल, हवामान आणि भजनांचा फोल्डर. पुतण्याच्या अकाउंटमध्ये अक्षर बारीकच आहे. आधी हीच भांडणं रोज व्हायची, एकाने मोठं करायचं आणि दुसऱ्याने लहान.

वहिनींची अडचण फॉन्टची होती. शाळेत जुन्या फॉन्टमधली परिपत्रकं येतात. मी माझ्या अकाउंटमध्ये फॉन्ट टाकला होता, तरी त्यांच्याकडे मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. कारण आताच्या विंडोजमध्ये फॉन्टवर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ दाबलं, की तो फक्त त्याच युजरपुरता बसतो. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडायचं. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली लपलेला असू शकतो. ‘व्यवस्था’चा पासवर्ड मागेल, तो दिला की सगळ्यांना दिसतो.

प्रिंटरचंही तसंच. ड्रायव्हर सगळ्यांचा एकच, पण डिफॉल्ट प्रिंटर प्रत्येकाचा आपला. नव्या अकाउंटमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये जाऊन ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा आणि मग प्रिंटर निवडा. नाहीतर छापायला दिलेला कागद पीडीएफ होऊन कुठेतरी सेव्ह होत राहतो आणि प्रिंटरसमोर आपण वाट बघत उभे.

एखादं चिन्ह सगळ्यांच्याच डेस्कटॉपवर हवं असेल तर ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात एक लपवलेला ‘पब्लिक डेस्कटॉप’ असतो, त्यात त्याचा शॉर्टकट टाकायचा.

ब्राउझरबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. क्रोममध्ये वेगवेगळे प्रोफाइल केले की झालं, असं लोकांना वाटतं. ते सोयीसाठी ठीक आहेत, पण त्यांना कुलूप नसतं. एकाच विंडोज अकाउंटमध्ये बसलेला कोणीही कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक करून दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊ शकतो, त्याचे मेल आणि सेव्ह केलेले पासवर्ड वापरू शकतो. विंडोजचं अकाउंट वेगळं असेल तरच भिंत उभी राहते. त्याच बैठकीत सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन जुनं कनेक्शन काढलं आणि नव्या अकाउंटमधून पुन्हा जोडलं.

डी ड्राइव्हला भिंत नसते

इथे मी स्वतः फसलो होतो, म्हणून सावकाश सांगतो. ‘युजर्स’मधले फोल्डर विंडोज आपणहून बंद ठेवतं. स्टँडर्डवाला दुसऱ्याच्या फोल्डरात जाऊ शकत नाही. पण आपल्याकडे दुकानदार कॉम्प्युटर देतानाच डी, ई असे ड्राइव्ह पाडून देतो आणि ‘फायली डीमध्ये ठेवा, फॉरमॅट केलं तरी राहतात’ असं सांगतो. त्या ड्राइव्हवर नेहमीच्या मांडणीत साइन इन केलेल्या कोणालाही फायली उघडता, बदलता आणि उडवताही येतात. म्हणजे सहा अकाउंट केली आणि सामान डीमध्येच ठेवलं, तर घराला सहा खोल्या बांधून धान्याची कोठी अंगणात उघडी ठेवल्यासारखं होतं.

उपाय असा. ‘व्यवस्था’ने साइन इन करा. डीमध्ये प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर करा. आप्पांच्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’ टॅब, ‘ॲडव्हान्स्ड’. तिथे ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबा. दोन पर्याय येतात, त्यातला ‘कन्व्हर्ट’वाला निवडा. आता यादीतून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ आणि ‘युजर्स’ काढून टाका. ‘सिस्टम’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ राहू द्या, ते काढले तर बॅकअप आणि दुरुस्ती दोन्ही अडतात. मग ‘ॲड’, ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’, आप्पांच्या अकाउंटचं नाव इंग्रजीत टाका, ‘मॉडिफाय’वर खूण करा, ओके. नंतर पुतण्याच्या अकाउंटमधून तो फोल्डर उघडून बघा. उघडला नाही म्हणजे जमलं.

घरातल्या लग्नाचे फोटो, लाइटबिलं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे जमतात तेव्हाचे व्हिडिओ यांसाठी एक ‘घर’ नावाचा फोल्डर तसाच मोकळा ठेवला आहे.

जुन्या फायली नव्या फोल्डरात नेताना कट-पेस्ट करू नका, कॉपी करा आणि मग मूळ फाइल उडवा. त्याच ड्राइव्हवर कट करून हलवलेली फाइल आपल्या जुन्याच परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. पेनड्राइव्हवर यातलं काहीच चालत नाही, तो बहुधा एक्सफॅट किंवा फॅट पद्धतीचा असतो आणि त्याला परवानग्या कळतच नाहीत.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करत असाल तर तेही बघून घ्या. टॅलीप्राइमचा डेटा मुळात ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात जातो, म्हणजे सगळ्यांच्या हाताशी. टॅलीचे स्वतःचे युजर आणि पासवर्ड वेगळे असतात, ते टॅलीच्या आतून लावावे लागतात.

‘केंद्र’ अकाउंट

इथे आपलं काही नसतं, लोकांचं असतं. आधार, पासबुक, सातबारा, मोबाइल नंबर. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. त्याच फोल्डरात त्या माणसाचा शाळेचा दाखला पडलेला असेल तर तो पासवर्ड असून नसल्यासारखाच. म्हणून या अकाउंटमध्ये मी चार गोष्टी केल्या आहेत.

ब्राउझरमध्ये पासवर्ड आणि पत्ते लक्षात ठेवण्याची सोय बंद केली. एज ब्राउझरमध्ये ‘चूज व्हॉट टू क्लिअर एव्हरी टाइम यू क्लोज द ब्राउझर’ असा पर्याय आहे, तिथे कुकीज आणि इतिहास दोन्हींवर खूण केली. एका शेतकऱ्याचं काम संपलं की ब्राउझर पूर्ण बंद करायचा, म्हणजे त्याचं लॉगिन दुसऱ्याच्या वेळी उघडं राहत नाही.

सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’, ‘स्टोरेज’, ‘स्टोरेज सेन्स’ चालू करून डाउनलोड्समधल्या न उघडलेल्या फायली १४ दिवसांनी जाव्यात असं लावलं. हे सेटिंग प्रत्येक युजरचं वेगळं असतं, त्यामुळे वहिनींच्या डाउनलोड्सला धक्का लागत नाही. तरी रोज संध्याकाळी मी हातानेही साफ करतो, रिसायकल बिनसकट.

तिसरी गोष्ट, माणसागणिक फोल्डर. अर्ज सुरू करतानाच आडनाव आणि गावाचं नाव देऊन फोल्डर उघडायचा, स्कॅनरला त्यातच फाइल टाकायला सांगायची, आणि जोडताना त्याच फोल्डरातून जोडायची. पोचपावती दिली की फोल्डर उडवायचा. ‘स्कॅन १२’चा घोळ त्यानंतर झालेला नाही.

चौथी: अर्ज पाठवण्याआधी पडदा शेतकऱ्याकडे वळवायचा. याचा सेटिंगशी संबंध नाही, पण सगळ्यात जास्त चुका यानेच सापडल्या.

स्विच करावं की साइन आउट

जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबा, पडदा लगेच कुलूपबंद होतो. दुसऱ्याला बसायचं असेल तर तो आपलं नाव निवडून आत जातो, आणि पहिल्याचं काम मागे तसंच उघडं राहतं. सोय चांगली आहे, पण मागे उघडं राहिलेलं सगळं रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, खातं. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते. तेवढ्याच रॅमवर तीन माणसांचे ब्राउझर उघडे राहिले तर चौथ्याला काम करणं मुश्कील. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘युजर्स’मध्ये कोणाचं किती चाललं आहे ते दिसतं. आमच्याकडे नियम केला: चहाला उठलात तर लॉक, काम संपलं तर साइन आउट.

बंद करताना ‘दुसरं कोणीतरी अजून हा कॉम्प्युटर वापरत आहे, बंद केल्यास त्यांचं न सेव्ह केलेलं काम जाऊ शकतं’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर तो खरंच वाचा. त्या माणसाला हाक मारा.

प्रोफाइल बिघडलं तर

उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. साइन आउट होत असताना किंवा विंडोज ‘एनटीयुजर डॅट’ ही लपवलेली फाइल लिहीत असताना लाइट गेली, तर प्रोफाइल बिघडू शकतं. मग साइन इन केल्यावर डेस्कटॉप कोरा, वॉलपेपर मूळचा, आणि ‘वी कान्ट साइन इन टू युअर अकाउंट’ असा संदेश. वहिनींना हे दिसलं तेव्हा त्या घाबरून गेल्या, वर्षभराचं शाळेचं काम गेलं असं वाटून.

काम गेलेलं नसतं. विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल दिलेलं असतं. या अवस्थेत काहीही लिहू नका, सेव्ह करू नका, कारण साइन आउट केल्यावर ते सगळं पुसलं जातं. साइन आउट करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, दोनदा करून बघा. पुष्कळदा तेवढ्याने जागेवर येतं. नाही आलं तर ‘व्यवस्था’मधून आत जा. ‘युजर्स’मध्ये त्यांचा जुना फोल्डर असेल, तो आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. मग नवं अकाउंट तयार करून एकदा साइन इन करा आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स यांतलं सामान नव्या फोल्डरात न्या. ‘एनटीयुजर’ने सुरू होणाऱ्या फायली चुकूनही नेऊ नका, बिघाड त्यांच्यातच असतो. वहिनींच्या सगळ्या फायली अशाच मिळाल्या. त्या आठवड्यात आम्ही युपीएस आणला.

पासवर्डबद्दलही सांभाळा. लोकल अकाउंटवाल्याला जुना पासवर्ड आठवत असेल तर त्याने स्वतःच कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून ‘चेंज अ पासवर्ड’ने तो बदलावा. ॲडमिनिस्ट्रेटरने बाहेरून जबरदस्तीने बदलला, तर फायली राहतात, पण त्या माणसाने ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि विंडोजमधून एन्क्रिप्ट केलेल्या फायली उघडत नाहीत. त्यांची किल्ली जुन्या पासवर्डला बांधलेली असते. विसरलाच असेल तर आधी साइन-इनच्या पडद्यावर सुरक्षा प्रश्नांनी प्रयत्न करावा. तो आडवा शब्द इथे कामाला येतो.

कोणी घर सोडून शिकायला गेलं तर

पुतण्या पुण्याला गेला आणि त्याने स्वतःचा लॅपटॉप घेतला. त्याचं अकाउंट काढायचं होतं. अशा वेळी ‘युजर्स’मधला फोल्डर सरळ उडवणं ही सगळ्यात वाईट पद्धत. विंडोजच्या नोंदीत ते प्रोफाइल शिल्लक राहतं, आणि त्या अकाउंटने पुन्हा कोणी साइन इन केलं तर वर सांगितलेलं तात्पुरतं प्रोफाइल समोर येतं.

आधी त्याच्याकडूनच क्रोममधून सेव्ह केलेले पासवर्ड एक्सपोर्ट करून घेतले, कारण फोल्डर कॉपी करून ते नव्या मशीनवर उघडत नाहीत. ती फाइल साध्या मजकुराची असते, म्हणून लॅपटॉपवर नेऊन झाल्यावर त्याने लगेच उडवली. मग त्याचा अख्खा फोल्डर आणि डीमधलं सामान बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलं. दोन-चार फोटो आणि त्याच्या वह्यांचे स्कॅन तिथून उघडून बघितले. शेवटी ‘व्यवस्था’ने साइन इन करून ‘अदर युजर्स’मध्ये त्याच्या नावावर ‘रिमूव्ह’, आणि ‘डिलीट अकाउंट अँड डेटा’.

डीमधला त्याच्या नावाचा फोल्डर यातून जात नाही, तो हाताने काढावा लागतो. तो मी रिकामा करून ठेवला आहे. दिवाळीला घरी येतो तेव्हा लॅपटॉपची बॅग उघडायच्या आधी तो याच कॉम्प्युटरसमोर बसतो.